चीक लागलेले हात

मोठ्याने सांगते, शेजारच्या घरातही ऐकू जाऊ दे: यातला शब्द न शब्द खरा आहे! सातेरी देवीची आण! खोटा निघाला तर माझे उरलेले दोन दात आत्ता इथे पडोत आणि उद्यापासून मला पेजसुद्धा जड जावो. हसताय काय? दोडामार्गात जाऊन कुणालाही विचारा. आंबेखोलच्या दर्शना गवसला ओळखत नाही असा एक जरी माणूस मिळाला, तरी मला येऊन सांगा.

दर्शना कलमं बांधायची. बापाने तिला शिकवली आंब्याची, पण तिचं नाव झालं ते रबरावर. रबराच्या रोपाला डोळा भरायचा म्हणजे काय, तर रोपाच्या सालीला अंगठ्याएवढी खिडकी पाडायची, तिच्यात चांगल्या जातीच्या झाडाचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टीने आवळायचं. साल ओली आहे की सुकी, सुटते की फाटते, हे बोटालाच कळतं. म्हणून दर्शना हातमोजे घालत नसे. दिवसभर पांढरा चीक बोटांवर वाळायचा, संध्याकाळी ती तो सोलून काढायची, सापाने कात टाकावी तसा. तिची मुलगी वेदिका लहान होती तेव्हा त्या कातींचे चेंडू वळायची आणि ते इतके उडायचे की एक शेजारणीच्या सांबारात जाऊन पडला होता.

रोपवाटिका होती बेनी कुरियनची. बेनीचे आजोबा कोट्टायमहून आलेले. बेनी मात्र इथेच जन्मला, इथल्याच शाळेत मास्तरांचा मार खाल्ला. मालवणी तुमच्यापेक्षा चोख बोलायचा, फक्त चिडला की मल्याळममध्ये शिरायचा. दर्शना डोळे भरायला बसली की हा समोर स्टूल टाकून गजाली सुरू करायचा.

"दर्शनाबाय, ह्या झाड मूळचा चोरीचा," तो सांगायचा. "ब्राझीलच्या रानातला. इंग्रजांनी बी बोटीत भरून पळयला. निम्म्याहून जास्ती वाटेतच कुजला. जी थोडी रुजली, त्येंचीच पोरा म्हणजे ही सगळी झाडा. सिलोन, मलाया, केरळ, मगे तुझो डोंगर."

"आनी त्याआधी?"

"त्याआधी रानात जावन चीक आणूचो लागा. कांगोत बेल्जमच्या राजाचो कारभार होतो. रबर कमी आणला तर शिपाई माणसांक मारीत. आनी गोळी फुकट नाय गेली ह्या साहेबाक दाखवूक हात तोडून नेयत. कधी कधी जित्या माणसाचोसुद्धा."

दर्शनाचा चाकू थांबला. "शिरा पडो तुझ्या तोंडार! कामार बसल्यावर कसली गजाल सांगतंस?"

पण त्या दिवशी संध्याकाळी चीक सोलताना तिने हात जरा जास्तच वेळ बघितले.

आता करप्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रबराचा पानकरपा ही दक्षिण अमेरिकेतली जुनी बुरशी. तिच्यापायी ब्राझीलमध्ये, म्हणजे रबराच्या माहेरातच, रबराच्या मोठ्या बागा कधी टिकल्या नाहीत. आशियात ती पोचली नव्हती म्हणून आशिया सगळ्या जगाला रबर पुरवत होता. पण आशियातली झाडं सगळी एका रक्ताची, त्यातून कलमं. कलम म्हणजे एकच झाड पुन्हा पुन्हा. एकाला जे मारतं, ते सगळ्यांना मारतं. कुणाच्या तरी बुटाला चिकटून बुरशी विमानातून आली आणि मलेशिया, थायलंड, केरळ असे डोंगरच्या डोंगर काळे पडले. पानं गळायची ती परत यायचीच नाहीत.

तुम्ही म्हणाल, कारखान्यात खनिज तेलापासून रबर करतात की! करतात. पण विमानाच्या चाकाला आणि मोठ्या ट्रकच्या टायरला झाडाचंच लागतं. विमानं जमिनीवर बसली. ट्रक थांबले. चड्डीचं इलॅस्टिक मिळेना आणि नाडीचे दिवस परत आले. सावंतवाडीला एका नवरदेवाचं बोहल्यावर काय झालं, ते मी पोरासोरांपुढे सांगत नाही.

मग शास्त्रज्ञांनी नवं झाड काढलं. रबराच्या चिकात मुळातच एक प्रोटीन असतं. बुरशीच्या अंगावर जे कवच असतं, त्याला ते जाऊन धरतं आणि तिची वाढ थांबवतं. झाडाला जखम झाली की चीक येतो, तो काही आपल्या चपलांसाठी नाही. ते झाडाचं स्वतःचं औषध. शास्त्रज्ञांनी ते औषध कैक पटींनी वाढवलं. नुसतं चिकात नाही, तर पानात, फुलात, परागात. आणि कोकणातल्या पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून त्याला चिवट केलं, असं की जिथे बसेल तिथून सहज सुटू नये. करपा आला, पानावर बसला आणि मेला. त्या जातीचं सरकारी नाव नुसते आकडे होते. दोडामार्गात लोक तिला म्हणायला लागले 'राखण'. गाव राखणाऱ्या देवाला देतात ती राखण.

आणि त्या राखणीचे डोळे भरले कुणी? दर्शनाने. आंबेखोलपासून थेट घाटाच्या पायथ्यापर्यंत जे जे हिरवं दिसायचं, ते सगळं तिच्या बोटांखालून गेलेलं. एसटीतून जाताना ती लेकरं दाखवावीत तशी झाडं दाखवायची.

आता चूक कुठे झाली बघा. राखण फुलते माघ-फाल्गुनात. आणि माघ-फाल्गुनात आमच्याकडे काय असतं? काजू! काजूच्या टरफलाचं तेल लागलं की कातडी भाजते, ओठ सुजतात, अंगावर चट्टे उठतात. त्याला म्हणतात काजू उतला. त्यामुळे राखण फुलली त्या पहिल्या वर्षी पोरांचे ओठ सुजले, लोक म्हणाले काजू उतला. पुढच्या वर्षी केळं खाल्लं की घशात खाज, फणसाचा गरा खाल्ला की अंगभर गांधी. तरी म्हणाले काजू उतला. खोबरेल चोळलं आणि बिया फोडायला बसले. दुसऱ्या कुठल्या मुलखात माणसं डॉक्टरकडे धावली असती. आमच्याकडे ज्याला काजू उतला म्हणून डॉक्टर लागतो, त्याला लोक पुढच्या शिमग्यापर्यंत चिडवतात.

अशा त्या तिसऱ्या फाल्गुनात वेदिका बाळंतपणाला माहेरी आली. तिला दिलेली डिचोलीला, नवरा बोटीवर नोकरीला, महिनोन्‌महिने पाण्यात. दर्शनाचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात दोघीच.

दर्शनाने वेलची केळं सोलून लेकीच्या हातात दिलं. वेदिकाने अर्धं खाल्लं आणि थांबली.

"आई, ओठ जड लागतत."

"बघू. अगो, माझ्या हाताक काजूचा तेल असतला. काजू उतलो."

"तू आज बियो खंय फोडलंस?"

"काल फोडल्लंय. खा गप."

वेदिकाने केळं बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी दर्शनाने तिच्या पाठीला तेल लावलं. पोटुशी लेक माहेरी आली की पाठ चोळायची, ही काय सांगायची गोष्ट आहे? लेक सुखाने डोळे मिटून बसली होती. थोड्या वेळाने दर्शना आंघोळीचं पाणी घेऊन आली आणि घंगाळ तिच्या हातातून सुटायचंच बाकी राहिलं. पाठीवर पाच बोटं उठली होती. लाल, टम्म फुगलेली, तळव्यासकट. शेजारी दुसरी पाच. सगळी पाठ हातांनी भरली होती.

तिने स्वतःचा हात वरून नुसता धरून बघितला, न टेकवता. बोटाला बोट जुळलं. डाव्या करंगळीला चाकू लागून वाकडेपणा आला होता, तोही जुळला.

"काय झाला गो? कित्याक गप झालंस?" वेदिकाने विचारलं.

"काय नाय," दर्शना म्हणाली. "काजूच."

हे ती म्हणाली तेव्हा तिचा तिलाच विश्वास बसला नव्हता. पण दुसरं काही म्हणायचं, तर ते काय? आईचा हात उतला म्हणायचं?

नंतर दोन दिवस तिने लेकीला हात लावला नाही. काही ना काही कारण काढून लांब राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी वेदिकाची कंबर भरून आली. दर्शनाने विचार केला, आपण हात नको लावूया, शेक देऊया. रबरी पिशवी काढली, गरम पाण्याने भरली, फडक्यात गुंडाळून लेकीच्या कमरेखाली सरकवली.

ती पिशवी नवी होती. राखणीच्या रबराची.

आधी वेदिका खोकली. मग तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. मग तोंड असं सुजलं की डोळे दिसेनात, आणि शिट्टीसुद्धा बंद झाली. दर्शना किंचाळली ती बेनीच्या रोपवाटिकेपर्यंत गेली. तो ट्रक घेऊन आला. दर्शनाने लेकीला उचलायला हात पुढे केले आणि मागे घेतले. पुन्हा पुढे केले. शेवटी चादरीत गुंडाळून उचललं दोघांनी.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर मुग्धा तांडेल होती. शिरोड्याच्या कोळ्यांची पोर, हाताने चपळ. तिने बघता क्षणी मांडीत सुई मारली. वेदिकाने श्वास ओढला. पोटातलं मूल हललं. तेव्हा कुठे दर्शना खाली बसली.

डॉक्टरणीने समजावून सांगितलं. झाडाचं ते प्रोटीन काही माणसांच्या शरीराला शत्रू वाटतं. श्वासावाटे, कातडीवाटे थोडं थोडं जात राहिलं की शरीर त्याची ओळख धरून ठेवतं, आणि एक दिवस एवढंसं दिसलं तरी सगळं सैन्य बाहेर काढतं. त्या दंग्यात माणसाचाच जीव जातो. केळ्यात, पपईत, फणसात त्याच घराण्याची प्रोटीनं असतात, म्हणून ती आधी बाधतात.

"म्हणजे हे काजू नाही, काकी. काजू कधीच नव्हता. या मोसमात माझ्याकडे कितीतरी माणसं आली, ती फार उशिरा आली. तुमचा हात दाखवा."

तिने दर्शनाच्या तळव्यावर ते प्रोटीन ओळखणारी कागदासारखी एक पट्टी दाबली. पट्टी निळीशार झाली. साबणाने हात धुवायला लावले, नवी पट्टी लावली. निळी. स्पिरिटने पुसले. निळी. दर्शना मोरीवर गेली, राख घेतली, नारळाच्या सोडणाची किशी घेतली आणि रक्त येईपर्यंत हात घासले. डॉक्टरणीने रक्त टिपून पट्टी लावली. निळीच.

"तुमच्या हाताच्या घट्ट्यांत मुरलंय ते. त्याला चिवट केलंय ना, सुटत नाही. कधी सुटेल हे मला सांगता येणार नाही. असे हात मी पहिल्यांदाच बघतेय." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तोपर्यंत हिला हात लावायचा नाही. बाळाला तर नाहीच. बाळाच्या अंगात काय उतरलंय, कुणालाच ठाऊक नाही."

"मी आवय तिची."

"म्हणूनच सांगतेय."

दर्शना खाटेकडे वळली. तिला फक्त पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायचं होतं. तिने पाऊल पुढे टाकलं आणि वेदिकाने पाय पोटाशी ओढून घेतले. मुद्दाम नाही. चटका बसलेलं माणूस घेतं तसे. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनीही मान फिरवली.

बाळंतपण करायचं कुठे, हा आता प्रश्न होता. दवाखान्याच्या खिडकीतूनच राखण दिसत होती, फुलांनी पिवळसर झालेली. शहरात न्यावं, तर सगळ्या गाड्यांच्या चाकांत तेच रबर, रस्त्याच्या धुळीत तेच. बिनरबरी हातमोजे डॉक्टरणीकडे होते. बिनरबरी हवा नव्हती.

"समुद्र," ती म्हणाली. "समुद्राकडून येणारा वारा तेवढा स्वच्छ. नारूकाका आहेत माझे, वेळागरच्या किनाऱ्यावर."

तिने आपल्या गाडीतल्या रबरी चटया उपटून फेकल्या, आत धुतलेली लुगडी अंथरली, वेदिकाच्या नाकातोंडावर ओलं फडकं बांधलं आणि काचा लावून गाडी काढली. दर्शनाला त्या गाडीत जागा नव्हती. बेनीही रबरातलाच, त्याचीही पट्टी निळी. म्हणून ती दोघं ट्रकमधून मागे, चांगलं अंतर ठेवून. वाटेभर राखणीच्या फुलांचा गोड वास. ट्रकच्या काचेवर पिवळी भुकटी बसत होती आणि बेनी वायपर मारत होता.

"तोडतलंस रे?" दर्शनाने विचारलं.

"माझी तोडीन. उद्याच तोडीन." बेनी समोर बघत म्हणाला. "पण जग तोडतला? सगळ्या जगाची चाका ह्याच झाडार चलतत, दर्शनाबाय."

"सगळे डोळे माझेच भरलेले."

दोन्ही बाजूंनी झाडं मागे जात होती. दर्शनाने हात पदरात गुंडाळून घेतले.

वेळागरावर नारू तांडेलाच्या झोपडीत वेदिकाला ठेवलं. दर्शना आणि बेनी लांब, सुरूच्या झाडांखाली. संध्याकाळी समुद्राचा वारा होता तोवर पोर शांत होती. सकाळी कळा सुरू झाल्या, आणि तोवर वारा फिरून डोंगराकडून वाहायला लागला होता.

शाळेत शिकलाय ना तुम्ही, खारे वारे आणि मतलई वारे? दिवसा जमीन तापते, हवा वर जाते, समुद्राकडची हवा आत येते. रात्री जमीन निवते आणि उलटं होतं, सकाळी उन्हं चढेपर्यंत तो मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. पुस्तकात एवढंच असतं. त्या दिवशी त्या वाऱ्यातून दोडामार्गाचे सगळे डोंगर येत होते. वेदिकाच्या छातीत पुन्हा शिट्टी सुरू झाली.

"होडी काढा!" डॉक्टरीण ओरडली. "वाऱ्याच्या पुढे जायचं. जेवढं लांब जाऊ तेवढं विरळ होईल."

नारू तांडेलाने होडीच्या कडांना लटकवलेले जुने टायर कोयत्याने सपासप तोडले. "बायलेचे दागिने काढल्यासारख्या वाटता," असं म्हणत होता, पण हात थांबत नव्हता. इंजिनाला रबरी पट्टा, म्हणून इंजिन उतरवलं. वल्ही घेतली. वेदिकाला लुगड्याच्या झोळीतून चढवलं. डॉक्टरणीकडे आता एकच सुई उरली होती, ती तिने दातात धरली होती.

दर्शना हे सगळं सुरूखालून बघत होती. होडी लाटेवर चढली, उतरली, लहान झाली.

बेनीने डॉक्टरणीला फोन लावून तो मधे वाळूवर ठेवला. त्यातून आधी नुसतं वल्ह्यांचं पाणी ऐकू येत होतं. मग वेदिकाचं कण्हणं. मग डॉक्टरणीचा आवाज, "अजून लांब, काका, अजून लांब." मग कण्हणं थांबलं आणि ती शिट्टी. ती शिट्टी दर्शनाला फोनशिवायही ऐकू आली असती. ती उठली आणि पाण्यात शिरली.

"दर्शनाबाय! खंय चल्लंस?"

"पोवत जातंय."

"जावन काय करतलंस?" बेनी मागून ओरडला. "हात लावतलंस?"

ती गुडघाभर पाण्यात थांबली. लाट आली, गेली. असं वाईट तिला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं, आणि बोलणारा स्वतःच रडत होता.

"काकी!" फोनमधून डॉक्टरीण म्हणाली. "काकी, ती तुम्हालाच हाका मारतेय. घाबरलीय, श्वास आवळून धरतेय. तिच्या कानाशी फोन लावते. काहीही बोला."

बेनी फोन घेऊन पाण्यात धावला आणि दर्शनाच्या तोंडापुढे धरला.

"वेदू."

"आई... माका... श्वास..."

"मोठो घेव नको. बारीक घे. मुंगयेचो घे." दर्शनाने आवाज भाकरी थापतानाचा काढला. "आईक. तू जल्माक येताना मी काय केल्लंय, ठावक आसा? सगळ्या वाडीक शिव्यो घातल्लंय. तुझ्या आजयेक घातल्लंय, सुईणीक घातल्लंय. तू पण घाल."

"कोणाक?"

"नारूकाकाक घाल. डॉक्टरणीक घाल."

बारीक श्वास. पुन्हा बारीक श्वास. मग, "तुका घालू?"

"माकाच घाल. पयली माकाच घाल. मीच लायलंय ह्या सगळा."

आणि वेदिकाने घातल्या! त्या मी इथे उच्चारत नाही, तुमच्या आईने ऐकल्या तर मला दारात उभं करणार नाही. पण शिवी द्यायला श्वास लागतो, आणि तो कुठून तरी येत होता. एकेका शिवीगणिक येत होता. दर्शना पाण्यात उभी राहून "आनी? आनी?" म्हणत होती. मधेच पोर म्हणाली, "माझी पाठ... तुझे हात गे आई... अजून जळतत." दर्शना म्हणाली, "आनी?"

मग फोन बंद पडला. होडी फारच लांब गेली होती.

बेनीने तो हलवला, चोळला, मल्याळममध्ये काहीबाही बोलला. काही उपयोग झाला नाही. समोर नुसता समुद्र, त्यावर तिळाएवढी होडी, आणि पाठीवर वारा. तो वारा दर्शनाला कळत होता, बोटाला साल कळते तसा. त्यातला गोड वास कळत होता. तिचीच झाडं तिच्या पाठीमागून, तिच्या खांद्यांवरून, तिच्या लेकीच्या मागावर चालली होती आणि ती त्यांच्या आड येऊ शकत नव्हती. तिने पदर पसरला. खरंच पसरला. एवढ्या मोठ्या आभाळाखाली एक बाई वारा अडवायला पदर पसरून उभी! बेनीला वाटलं, हिचं डोकं फिरलं. त्याने तिचं नाव घेतलं, तिने वळून बघितलं नाही.

ऊन चढलं. पदर पुढच्या बाजूला फडफडत होता, तो हळूहळू ढिला पडला. लोंबला. मग तिच्या अंगाला चिकटला. आणि तोंडावर, कपाळावर, खारट हवा लागली. वारा फिरला होता.

तरी फोन गप्प होता. वारा वेळेवर फिरला की उशिरा, ते फक्त त्या तिळाएवढ्या होडीला ठाऊक. दर्शना तिच्याकडे बघत राहिली. ती होडी मोठी होतेय की आपल्या डोळ्यांत पाणी आल्याने तसं वाटतंय, हे तिला कळेना. वल्ही दिसली. नारूचं फडकं दिसलं. डॉक्टरीण उभी दिसली, पण डॉक्टरणीकडे बघून काय कळणार? वेदिका दिसत नव्हती.

"बेनी, माका दिसना नाय. तू सांग. सांग रे!"

बेनी कपाळावर हात धरून बघत होता. मग त्याने एकदम तिच्या खांद्याला धरून हलवलं. "बसली! उठान बसली! हातात काय तरी आसा!"

आणि तेव्हा ते ऐकू आलं. गलबतावरच्या भोंग्यासारखं रडत होती ती पोर. मुलगी झाली होती. शेवटची सुई वापरावी लागली होती, पण दोघींचा जीव उरला.

होडी किनाऱ्याला लागली नाही. छातीएवढ्या पाण्यात नारूने ती वल्ह्यांवर रोखून धरली. वेदिका सुजलेल्या डोळ्यांनी किनाऱ्याकडे बघत होती.

"आई, ये," ती म्हणाली.

"डॉक्टरीण काय म्हणता?"

"डॉक्टरणीक विचारू नको. मी सांगतंय. ये."

दर्शना पाण्यातून चालत गेली. वेदिकाने लेक पुढे धरली, आणि दर्शनाने ती घेतली. दोन्ही हातांत घेतली, छातीशी धरली. पोरीने एक शिंक दिली, सगळ्यांचे श्वास थांबले, आणि मग तिने आजीची वाकडी करंगळी मुठीत धरली आणि शांत झोपी गेली. गोड, सरळ श्वास. डॉक्टरीण रडली, नारू तांडेल हसला, समुद्र निवला.

अशी ही गोष्ट. सगळी खरी. सातेरीची आण घेतलीय मी.

...असं बघू नका माझ्याकडे. काय? बरं बरं. दात मला प्यारे आहेत, म्हणून सांगते. एक गोष्ट मी पदरची घातली. एकच.

वेदिका ये म्हणाली, ते खरं. दर्शना छातीएवढ्या पाण्यापर्यंत गेली, तेही खरं. होडी हाताच्या अंतरावर आली, लेकीने लेक पुढे धरली, अगदी पुढे, तेही खरं. घेतली, ते नाही. दर्शनाने बघितलं, "तुझ्यार गेली हा गो," असं म्हणाली, आणि दोन्ही हात पाण्याखाली धरून उभी राहिली. नारूने होडी वळवली आणि ती पार दिसेनाशी होईपर्यंत तिने ते वर काढले नाहीत.